केळीच्या खोलीतली गिटार

बाबा गेले त्या संध्याकाळी मोठ्या आत्याने आमच्या रेडिओवर टॉवेल टाकला, त्याची वायर काढून गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली. नंदाखालला आमच्या ख्रिस्ती लोकांत घरातलं माणूस गेलं की वर्ष पाळतात. वर्षाची मिस्सा, म्हणजे गेलेल्याच्या नावाने चर्चमधली प्रार्थना, होईपर्यंत घरात गाणं नाही, वाजवणं नाही. लग्नाला जावं लागलंच तर चर्चमधून परत फिरायचं, मांडवात जायचं नाही. नाताळात घरावर तारा लावायचा नाही आणि चुलीवर तळणीची कढई चढवायची नाही. त्याऐवजी शेजारपाजारचे लोक फुग्यांची ताटं आणून देतात. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. एरवी ते देताना घरभर आग्रह चालतो, पण वर्ष असलेल्या घरी ताट झाकून दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवतात आणि न बोलता परत जातात. त्या नाताळात आमच्या ओट्यावर इतकी ताटं जमली की एकीचे फुगे दुसरीकडे पाठवून आईला ती रिकामी करावी लागली. कोणाचे मऊ आणि कोणाचे घट्ट हे ती नुसत्या बोटाने दाबून सांगायची. त्या दिवसांत ती बोलायची ती बहुतेक एवढंच.

यंदा आमच्या घरात पुन्हा वर्ष आहे. सायमन, माझा धाकटा भाऊ, पावसाळ्याच्या तोंडावर गेला. घरात आता रेडिओ नाही, तेव्हा टॉवेल कशावर टाकायचा हे कळत नाही. त्याचा मुलगा बंगळूरहून फोन करतो तेव्हा पलीकडे कधी गाणं चालू असतं, आणि मग लक्षात येऊन तो उठून ते बंद करतो. ते बंद झाल्याचं मला ऐकू येतं. करू नकोस असं मी त्याला सांगत नाही, आणि कर असंही नाही. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. मला वाचायची सवय आहे, लिहायची तितकी नाही. दिवसाकाठी एखादं पान होतं, कधी तेही होत नाही.

मोठी आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दोन वाड्या टाकून तिचं घर होतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि तेव्हापासून ती एकटीच आपली वाडी सांभाळत होती. बाबा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी आमच्याकडे रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, यायची. हातात कंदील असायचा, दिवे असले तरी असायचा. ती आमच्या घरच्या बोलीत बोलायची. ती बोली मला कानाने येते, हाताने येत नाही, म्हणून इथे तिचं बोलणं मी साध्या मराठीत लिहिते आहे. त्यात तिचा हेल हरवतो आणि ती होती त्याहून कडक वाटते. प्रत्यक्षात तिच्या आवाजात एक प्रकारची घाई होती, जणू काही सांगायचं आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायचं.

आमचं घर वाडीच्या मधोमध. तिथे खरी शांतता कधीच नसते. केळीची पानं वाऱ्याने फाटतात तो आवाज, सुकी झावळी पडण्याचा आवाज, विहिरीवरच्या पंपाची घरघर. बाबांचं आयुष्य त्या पंपाच्या आवाजावर चाललं. जेवताना हात थांबवून ते कान द्यायचे आणि म्हणायचे, "पाणी खाली गेलं." मग उठून बंद करून यायचे. विहिरीतलं पाणी खाली गेलं आणि पंप कोरडा चालला तर त्याचा आवाज चिरका होतो आणि थोड्या वेळात तो जळतो. आमच्या गावात लहान मुलालाही हा फरक कळत असे. ह्या सगळ्या आवाजांत सायमनची गिटार शिरली तेव्हा बाबांनी तिला फार मान दिला नाही, पण अपमानही केला नाही. ते तिला इंजिन म्हणत. "सायमन, इंजिन बंद कर, कालवण गार होतंय."

ती इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा अँप्लिफायर बोटीवर कामाला असलेल्या मामाने आणून दिला होता. अँप्लिफायर जुन्या पद्धतीचा होता, आत काचेचे व्हॉल्व्ह, तापायला वेळ घेणारा. सायमनला त्यातून एक विशिष्ट आवाज हवा असे. गोड नाही, स्वच्छ नाही. तारेचा आवाज इतका वाढवायचा की तो अँप्लिफायरला पेलवेनासा होतो आणि फाटतो. त्या फाटण्यात जे वजन येतं ते त्याला हवं होतं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसायची. मी एकदा त्याला विचारलं की मुद्दाम फाटका आवाज करायचा तर चांगलं वाद्य कशाला. तो म्हणाला, "फाटला पाहिजे, चिंध्या नाही झाल्या पाहिजेत. तेवढंच तर सगळं आहे, फिलू." माझं नाव फिलोमिना, मला फिलू म्हणणारा तो शेवटचा माणूस.

त्याच्या बँडमध्ये तिघे होते, ड्रम्सवाला, बासवाला आणि तो. गाणारा कोणी नव्हता. त्यांनी एकच लांब तुकडा बसवला होता आणि तो रेकॉर्ड करायचा ठरवला होता. सातिवलीला, कारखान्यांच्या पट्ट्यात, दीपक नावाच्या तुळिंजच्या मुलाने वडिलांच्या रिकाम्या गाळ्यात स्टुडिओ केला होता. तिथे तो एरवी आरत्या, भजनं आणि हळदीची गाणी रेकॉर्ड करायचा. त्याच्याकडे आठ ट्रॅकचं टेप मशीन होतं, म्हणजे आठ वेगवेगळे आवाज एकाच टेपवर शेजारी शेजारी ठेवता यायचे. बाबा असताना, पावसाळ्यात, ड्रम्स आणि बास होऊन गेले. दोन ट्रॅक गिटारसाठी मोकळे ठेवले. सायमनला तोच तुकडा दोनदा वाजवायचा होता, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. हेही मला आधी समजलं नव्हतं. मग त्याने सांगितलं, "रोझरी तू एकटी म्हणतेस तेव्हा कशी वाटते? आणि आई तुझ्याबरोबर म्हणते तेव्हा? शब्द तेच ना? पण दोघींचा श्वास एका वेळी पडत नाही. त्यामुळे खोली भरते." एकदा वाजवलेलं दुसऱ्या बाजूला नुसतं उतरवून चालत नाही, पुन्हा हाताने वाजवावं लागतं, आणि शक्य तितकं तसंच.

बाबांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर सायमन गिटार घेऊन सातिवलीला जायला लागला. घरात वाजवायचं नव्हतं, बाहेर काय करतो ते आत्याने विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. पण मधल्या काळात शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायची प्रेस आली होती. सायमनच्या तुकड्यात जागोजागी थांबे होते, सगळी वाद्यं एकदम बंद होतात आणि पुन्हा एकदम सुरू होतात. त्या थांब्यांत प्रेस जमिनीतून माईकमध्ये यायची. धप्प. कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, पण शुक्रवारी त्या पट्ट्यात वीजही नसायची. वीज असली की प्रेस होती, प्रेस नसली की वीज नव्हती. सायमनने आवाज बारीक करून पाहिला, तर ते त्याच्याच शब्दांत पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकल्यासारखं झालं. असे आठवडे गेले. मग दीपकने सांगितलं की गाळा भाड्याने गेला, मशीन विकलं, आणि घेणारा येत्या रविवारी टेम्पो घेऊन येणार आहे.

सायमन घरी येऊन जेवला नाही. तो चिडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो केळीच्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "बघ गं, काय झालं त्याला." मी गेले तर तो टाळी वाजवून कान देत होता. केळीची खोली म्हणजे घराच्या मागे, जाड मातीच्या भिंतींची, एक लहान दार आणि धूर जायला एक भोक असलेली खोली. तिच्यात आम्ही राजेळी केळी पिकवायचो. घड मांडून त्यावर भाताचा पेंढा आणि सुकी पानं घालायची, मडक्यात निखारे ठेवून ऊब द्यायची, दार लिंपायचं. पिकली की सोलून मांडवावर उन्हात वाळवायची, त्याची सुकेळी होतात. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातच राहत असे. पेंढा तिला गिळून टाकायचा. "फिलू, ऐक," सायमन म्हणाला, "काहीच परत येत नाही."

प्रश्न आईचा होता. सायमनने तिला सगळं सांगितलं, मशीन जाणार, त्याआधी ते इथे आणून केळीच्या खोलीत रेकॉर्ड करायचं, एक दुपार पुरेल, दार बंद असेल. आई कालवणासाठी चिंच कोळत होती. बराच वेळ कोळत राहिली.

"खोलीत घड आहेत," ती म्हणाली.

"असू देत. ते आहेत म्हणून तर बरं."

"आणि तुझ्या आत्याला काय सांगू?"

"रोझरीच्या वेळेला ती येते. आम्ही दुपारी करू. दुपारी कोणाचे पंप चालू नसतात, व्होल्टेज चांगलं मिळतं."

"तुझ्या बापाला जाऊन सहा महिने नाही झाले."

"माहीत आहे."

आईने हात धुतले. "मी दुपारी झोपते," ती म्हणाली. "झोपले की मला काही ऐकू येत नाही. फिलूला विचार." आई आयुष्यात कधी दुपारी झोपली नव्हती.

दीपक टेम्पोतून मशीन घेऊन आला, गोधडीत गुंडाळून, आजारी माणसासारखं. ते त्यांनी पडवीत ठेवलं. करंट विहिरीजवळच्या पंपाच्या लाईनवरून घेतला, कारण घरातल्यापेक्षा तिथे दाब बरा असायचा. स्पीकरची पेटी केळीच्या खोलीत, घडांच्या मधे. सायमन गिटार घेऊन बाहेर पडवीत, धुराच्या भोकातून वायर आत. माईक पेटीच्या अगदी तोंडाशी. आणि तो माईक हलवायला आत कोणीतरी हवं होतं. तो कुठे धरला यावर सगळं असतं. स्पीकरच्या मध्यावर धरला तर आवाज टोचतो, कडेला नेला तर गोधडीखाली गेल्यासारखा होतो, आणि ह्या दोहोंच्या मधे बोटभर रुंदीची एक जागा असते. आतल्या माणसाला ती कळणं शक्य नव्हतं, ती पडवीत हेडफोन लावलेल्या दीपकला कळणार होती. तेव्हा सायमनने माझ्या मनगटाला काथ्या बांधला आणि त्याचं दुसरं टोक भोकातून बाहेर नेलं. एक हिसका म्हणजे आत, दोन हिसके म्हणजे बाहेर, लांब ओढ म्हणजे तिथेच ठेव.

"ताई, कानात कापूस टाका हां, एकदम टाईट," दीपक मला म्हणाला. "नाहीतर उद्या लेक्चरला जाल आणि सर काय बोलतात ते समजणार नाही."

"तसंही समजत नाही," सायमन म्हणाला.

मी आत बसले. खोली उबदार होती, पेंढ्याचा, धुराचा आणि अर्धवट पिकल्या केळ्यांचा वास. सायमनने पहिला हात मारला तो मला कानांनी ऐकू आला नाही, दातांत आला. मग छातीत. पेंढ्याच्या काड्या थरथरत होत्या. समोरच्या घडातली केळी एकमेकांवर आपटत होती, अगदी हलकी, माणसं शेजाऱ्याला कोपराने ढोसतात तशी. (त्या खेपेची सुकेळी एका बाजूने काळी निघाली. आगाशीच्या व्यापाऱ्याने विचारलं तेव्हा आई म्हणाली, यंदा थंडी जास्त होती.) हातातला माईक मी काथ्याच्या हुकमाप्रमाणे सरकवत होते. आत, आत, बाहेर, आत. मग थांबलं, आणि बाहेरचं बोलणं भोकातून ऐकू आलं.

"गेन कमी कर, बॉस."

"कमी केला तर पोकळ होईल."

"तुझ्या कानाला होईल, टेपला नाही होणार. तू दोनदा वाजवणार ना? मग दोघांची घाण एकत्र होते. आत्ताच सगळी टाकलीस तर चिखल होईल, सच में."

सायमनने आवाज फाडणारं ते बटण कमी केलं. पुन्हा वाजलं, पुन्हा हिसके, आणि मग ती लांब ओढ. मी माईक स्टँडला घट्ट केला आणि बाहेर आले. आयुष्यात मी खूप पुस्तकं वाचली, पण एखादी गोष्ट नेमक्या जागी बसते म्हणजे काय होतं हे मला त्या काथ्यातून समजलं, असं आता वाटतं. तेव्हा फक्त मनगट दुखत होतं.

डावी बाजू पहिल्याच खेपेला झाली. सायमन भिंतीकडे तोंड करून वाजवत होता, थांब्यांत तारांवर तळवा ठेवून सगळं गच्च बंद करायचा, आणि त्या क्षणी वाडीत खरोखर काहीही ऐकू येत नव्हतं. दीपकने टेप मागे नेऊन ऐकवलं. एका कानात हेडफोन धरून मी ऐकलं. ते कोणाला आवडेल असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण ते भक्कम होतं, त्याच्यावर हात टेकता आला असता. सायमन पाणी प्यायला आणि म्हणाला, "उजवी."

उजवी अर्ध्यावर आली असताना सगळं बंद पडलं. गिटार बंद, मशीनवरचे दिवे बंद, टेपची चाकं हळू होत थांबली. आम्ही वीज गेली समजलो. तेवढ्यात विहिरीकडून आत्या आली. तिला धाप लागली होती, पदर खोचलेला होता, पायात काही नव्हतं.

"मेन स्विच पाडला मी," ती म्हणाली. "पंप कोरडा चाललाय तुमचा, चिरकतोय नुसता. घरी बसून ऐकू येत होतं मला. दुपारी पंप लावतं का कोणी? जळला असता ना. भाऊ गेला, आता पंपही घालवा."

कोणाच्या पंपाचा आवाज कसला हे तिला तिच्या ओट्यावरून कळायचं. दुपारी सगळे पंप बंद असतात म्हणून आम्ही दुपार निवडली होती, आणि म्हणूनच तिला तो आवाज इतका स्पष्ट ऐकू आला. हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आई आतून बाहेर आली. तिने एकदा पडवीतल्या मशीनकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. "बरं झालं बाय, तुम्ही आलात," ती म्हणाली. "मला डोळा लागला होता."

"नशीब माझे कान शाबूत आहेत," आत्या म्हणाली आणि ओट्यावर टेकली. "पाणी दे गं फिलू. आणि हा कोण?"

"दीपक, आत्या. सायमनचा मित्र. पंपाचं बघायला आलाय," मी म्हणाले. मी हे इतक्या सहज म्हणाले की दीपकने मान डोलावून विहिरीच्या दिशेने पाहिलंसुद्धा. आता फक्त थांबायचं होतं. आत्या पाणी पिणार, दोन गोष्टी ऐकवणार, तिला घरी चहाची वेळ होणार. ती गेली की स्विच वर करायचा आणि उरलेलं वाजवायचं. आम्हां चौघांना हे एकदम समजलं होतं, निदान मला तसं वाटलं.

सायमनच्या गळ्यात गिटार तशीच होती. तो पडवीच्या कडेला आला.

"पंप नव्हता, आत्या," तो म्हणाला. "मी वाजवत होतो."

"काय वाजवत होतास?"

"हे." त्याने गिटारवर हात ठेवला.

"तो आवाज ह्याचा?"

"हो."

"ते गाणं होतं?"

"गाणं नाही. पण वाजवणंच होतं."

दीपक खालच्या आवाजात म्हणाला, "अरे यार, सायमन." मी तांब्या घेऊन उभी होते. तो गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं ह्याचा मी पुढे अनेकदा विचार केला. मला एवढंच सुचतं की त्याच्या पहिल्या चांगल्या वाजवण्याला त्याच्यासमोर कोणीतरी बिघडलेला पंप म्हणत होतं, आणि सगळं घर हो म्हणत होतं. मी त्याला हे कधी विचारलं नाही. त्याने कधी सांगितलं नाही.

आत्याने माझ्या हातून तांब्या घेऊन पाणी पिऊन टाकलं. तांब्या खाली ठेवला. ती ओरडेल असं मला वाटलं होतं.

"माझा माणूस गेला तेव्हा तुझ्या बापाचं लग्न ठरलेलं होतं," ती म्हणाली. "माझं वर्ष चालू होतं. बँडवाले सांगून ठेवलेले. तुझा बाप पहाटेच्या मिस्सेला उभा राहिला, लग्न लावून चालत घरी आला. हिला विचार. एक ताशा नाही वाजला."

"नाही वाजला," आई म्हणाली.

"मी सांगितलं नव्हतं त्याला. त्याचा त्याने केलं." आत्या उठली. "मला तुझं ते वाजवणं कळत नाही, सायमन. पण तूच म्हणतोस वाजवणं आहे. मग वर्ष होऊ दे."

"आत्या, मशीन रविवारी जाणार आहे," दीपक म्हणाला. "फक्त पाच-सात मिनिटांचं काम. प्लीज. मग आम्ही निघतो."

"जाऊ दे मशीन," आत्या म्हणाली. "माणसंही जातात." आणि सायमनकडे पाहत राहिली.

सायमनने गिटार गळ्यातून काढली. "बरं," तो म्हणाला.

दीपकने मशीन गुंडाळताना एकदा विचारलं की डावीकडचं उरलेलं उजवीकडे उतरवू का, कोणाला समजणार नाही. सायमन म्हणाला, "मला समजेल." रविवारी मशीन गेलं. त्याआधी दीपकने जे होतं ते कॅसेटवर उतरवून दिलं. त्यात अर्ध्यापर्यंत दोन गिटारी आहेत, आणि मग उजवी हळू होत बुजते. त्यानंतर शेवटपर्यंत एकटी डावी. हल्ली कोणीतरी ते इंटरनेटवर टाकलं आहे. सायमनच्या मुलाने मला दाखवलं. खाली एकाने लिहिलं होतं की उजवी बाजू रिकामी सोडण्याची कल्पना त्या काळाच्या मानाने फार धाडसाची आहे. सायमन ते वाचून खूप हसला होता. त्याने उत्तर लिहिलं नाही.

बाकीचं वर्ष नेहमीसारखं गेलं. रोज संध्याकाळी आत्या कंदील घेऊन रोझरीला यायची. सायमन तिच्याशेजारी गुडघे टेकायचा, ती त्याच्या पाठीवर हात टेकून उठायची, गुडघे धरायचे म्हणून. त्या दुपारबद्दल दोघांपैकी कोणी बोललं नाही. बँड पुढच्या पावसाळ्यात मोडला. ड्रम्सवाल्याला गुजरातेत नोकरी लागली, बासवाल्याचं लग्न झालं. अँप्लिफायर गोणपाटाखाली होता. मी वाट पाहत होते की सायमन कधीतरी चिडेल, पण तो आईबरोबर केळी सोलायला बसायचा आणि कधी कधी मांडीवर बोटं आपटायचा, थांब्यांसकट.

वर्षाची मिस्सा सकाळी झाली. घरी जेवण होतं, नातेवाईक होते. बऱ्याच दिवसांनी कढई चढली, वडे झाले. आईने काळं लुगडं बदललं नाही, पुढेही कधी बदललं नाही. चारच्या सुमारास पाहुणे गेले. आत्याने रेडिओवरचा टॉवेल काढला, झटकला, घडी घालून खांद्यावर टाकला. कपाटावरची वायर मागे सरकली होती, तिचा हात पोचेना म्हणून मला काढायला लावली. मग ती ओट्यावर जाऊन बसली आणि तिने सायमनला हाक मारली.

"ते आण तुझं."

"काय?"

"काय म्हणजे? वाजवणं."

"आता कशाला, आत्या? मशीन नाही."

"मशीनला ऐकवायचं होतं का तुला? मी बसले आहे ना."

सायमनने आईकडे पाहिलं. आई ताटं पुसत होती, तिने मान वर केली नाही, पण पुसणं थांबवलं. तो उठला. गोणपाट काढलं, पेटी केळीच्या खोलीत नेली नाही, पडवीतच ठेवली. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागला. आत्या मधेच म्हणाली, "चुलीसारखंच आहे हे." तापल्यावर त्याने तारा जुळवल्या आणि सुरुवातीच्या जागेवर बोटं ठेवली.

"थांब," आत्या म्हणाली. "मी स्विच पाडला तेव्हा तुझं कुठवर आलं होतं?"

सायमन जरा गोंधळला. "अर्ध्यावर."

"मग तिथून वाजव."

त्याने गिटारवरचा हात काढला, पँटला पुसला, पुन्हा ठेवला. डोळे मिटून त्याने थोडा वेळ नुसतं मोजलं, आधीचं अर्धं मनात वाजवलं असणार. मग नेमक्या जागेवर तो आत शिरला. उघड्या पडवीत तो आवाज केळीच्या खोलीतल्यासारखा गच्च नव्हता, वाडीभर पसरत होता. थांबे आले तेव्हा झावळ्यांचा आवाज मधे येत होता. आत्या पाय खाली सोडून सरळ बसली होती, हात मांडीवर, चर्चमध्ये बसते तशी. तिला ते आवडत होतं असं मी म्हणणार नाही. शेवटचा हात मारून त्याने तळवा तारांवर ठेवला.

"झालं पुरं?" आत्याने विचारलं.

"झालं."

तिने मान हलवली, कंदील उचलला आणि आईला म्हणाली की उरलेले वडे झाकून ठेव, उद्या सकाळी नेते.

टेपवर ते नाही. ऐकणाऱ्यांत आता फक्त मी आहे.